तिसऱ्या दारामागची फरशी

डॉक्टरांनी ह्यांच्या गुडघ्यांना सक्तीची रजा दिली आणि शिक्षा मला झाली.

हे फरशी बसवणारे. एकतीस वर्षं लोकांच्या घरांतून गुडघ्यांवर रांगले आणि शेवटी त्या गुडघ्यांनीच हात टेकले. एक गुडघा बदलला, दुसरा जपून वापरायला सांगितला. हातात काठी दिली. रोज चाला, जिना सावकाश चढा, फक्त खाली बसू नका आणि उकिडवं तर नाहीच नाही. फरशीवाल्याला उकिडवं बसू नका म्हणणं म्हणजे मला सुई धरू नका म्हणण्यासारखं आहे. मी घरीच कपडे दुरुस्त करून देते. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कुणी जाड झालं की शिवण उसवून सैल करून द्यायची. माझं मशीन खिडकीपाशी आणि ह्यांची खुर्ची बरोबर त्याच्या समोर, त्यामुळे दिवसभर ह्यांचं तोंड बघण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

पहिले पंधरा दिवस ह्यांनी घरातली एकेक वस्तू वाजवून पाहिली. खुर्चीचा हात, टेबल, भिंत, कपाटाचं दार, एकदा तर मी पुढे केलेला चहाचा ट्रे. ही ह्यांच्या धंद्यातली खोड. बसवलेली फरशी वाजवून बघायची: खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असेल तर आवाज टणक येतो, नसेल तर बद्द येतो, आणि बद्द वाजणारी फरशी आज ना उद्या सुटते. ह्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार आहेत, टणक आणि बद्द. आमच्या शेजारच्या बाईंनाही ह्यांनी बद्दमध्ये टाकलंय. काठीच्या टोकाचं रबर ह्यांनी आठवड्याभरात काढलं आणि तिथं लोखंडी टोपण ठोकलं, उभ्या-उभ्या फरशी वाजवता यावी म्हणून. तपासणीच्या दिवशी रबर परत लावायचे, घरी आले की काढायचे.

मग एक दिवस सकाळी अकरा वाजता ह्यांना टीव्हीवर ‘तीन दारं’ सापडलं.

एक नवराबायको येतात, त्यांना घर घ्यायचं असतं. कार्यक्रमातली बाई त्यांना तीन घरं दाखवते. बाईच्या अंगात नेहमी कडक इस्त्रीचा कोट असतो आणि प्रत्येक घरात ती पडदा सारून एकच वाक्य म्हणते, “आणि हा उजेड बघा.” नवऱ्याला व्यायामाच्या सायकलसाठी जागा हवी असते, बायकोला कपाट मोठं हवं असतं. दर सात मिनिटांनी जाहिराती, आणि जाहिराती संपल्या की आधी काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून, जणू मधल्या वेळात आपल्याला वेड लागलं होतं. शेवटी दोघं बाकावर बसून विचार करतात, गंभीर संगीत वाजतं आणि ती एक घर निवडतात. हेच दुपारी दोनला पुन्हा. मधल्या वेळात जुनं घर नवं करण्याचा कार्यक्रम, त्यात आख्खं स्वयंपाकघर चाळीस मिनिटांत होतं. ते पाहून ह्यांचा नुसता संताप व्हायचा. “सांध्यांतलं ग्राउट वाळायला तरी वेळ दे,” असं हे टीव्हीला सांगायचे.

सुरुवातीला माझे कान किटले. पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरात मीही मशीनचा पाय थांबवून बघायला लागले. दुसऱ्यांची कपाटं उघडून बघायला मिळतात, शिवाय आपल्याला कुणी आगाऊ म्हणत नाही. अमक्या घरात राहायला गेले तर मशीन कुठे ठेवीन, तेही मी ठरवून टाकायची. आमची पैज लागायची, पहिलं, दुसरं की तिसरं. हरेल त्यानं चहा करायचा. हे घराची फरशी बघून बोलायचे आणि मी बायकोचा चेहरा बघून, त्यामुळे चहा बहुतेक ह्यांनाच करावा लागायचा. “मूर्ख आहेत,” हे गॅससमोर उभं राहून म्हणायचे, “दुसऱ्या घराचं काम कसलं सुरेख होतं.” पण चहाचा कप हातात असतानाही बोटं कपावर वाजतच असायची. ह्यांना घटकाभर चैन नव्हती. टीव्ही लावून बसले तर कंटाळायचे, बंद केला तर आणखी कंटाळायचे.

अशात आमच्या मुलीला घर शोधायची वेळ आली. तिला आम्ही मुंगी म्हणतो, लहानपणापासून अंगानं बारीक आणि सारखी लगबग. ती डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते आणि जावई बसगाड्यांची वेळापत्रकं आखतात. त्यांच्या घरमालकाचा मुलगा परदेशातून परत येणार होता, तीन महिन्यांत जागा रिकामी करायची होती. मुंगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही बघायला याल ना आमच्याबरोबर?” आणि ह्यांनी त्या दिवशी दुपारचं ‘तीन दारं’ पाहिलंच नाही, सपाटी बघायची खिशात मावणारी लेव्हल कपाटात शोधत बसले.

दर रविवारी आम्ही चौघं घरं बघायला जायचो. ह्यांच्या एका खिशात गोटी, हातात काठी. दारातून आत शिरलं की बाकीचे खिडक्या बघायचे आणि हे ठक ठक ठक करत खोल्याखोल्यांतून फिरायचे. मग बाथरूममध्ये गोटी टाकायचे. ती जाळीकडे गेली तर उतार बरोबर, नाहीतर तिथं पाणी साचणार. एका घरात गोटी कोपऱ्यात गेली. दुसऱ्यात दाराजवळच्या चार फरश्या बद्द. तिसऱ्यात फरशी टणक होती, उतारही बरोबर होता, पण सांधे एका रेषेत नव्हते. चौथ्यात सांधेही एका रेषेत होते, तर म्हणे फरशीचा रंगच लबाड आहे. असं करत चार रविवारांत नऊ घरं झाली. नवव्या घराच्या बाल्कनीत मुंगी कितीतरी वेळ उभी होती, तिला ते मनापासून आवडलं होतं. ह्यांनी खोलीतून हाक मारून सांगितलं, “मुंगे, चल. इथं काही अर्थ नाही.” ती आली, पण आमच्यासाठी न थांबता जिना उतरून गेली.

त्या दिवशी मला कळलं की ह्यांना घर सापडायला नकोच आहे. घर सापडलं असतं तर रविवार संपले असते. आठवड्यातून एक दिवस हे पुन्हा मिस्त्री व्हायचे आणि तो एक दिवस हे सोडायला तयार नव्हते. मला राग आला आणि दयाही आली.

नंतरचे तीन रविवार मुंगीचा फोन आला नाही. हे सकाळी दाढी करून, बूट घालून बसायचे. “आज बघायला कुठलं आहे?” मला विचारायचे. अकरा वाजले की बूट न काढताच टीव्ही लावायचे, पण रविवारी ‘तीन दारं’ नसतं, ते तरी कुठे लक्षात होतं.

चौथ्या आठवड्यात मी एकटी असताना मुंगीचा फोन आला. “आई, आम्ही घर घेतलं. सह्या झाल्या. बाबांना आत्ता सांगू नकोस.”

“का नको?”

“विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. आई, आमच्याकडे आता दिवस किती राहिलेत सांग ना. मी त्यांना सांगणार आहे, पण नीट सांगणार आहे.”

तिचं नीट सांगणं काय असेल ते मला त्याच फोनमध्ये कळलं. जावयांचा एक शाळासोबती त्याच ‘तीन दारं’मध्ये आवाज रेकॉर्ड करतो. त्यानं सांगितलं होतं की त्या कार्यक्रमात घर आधीच घेतलेली माणसंच घेतात, नाहीतर शेवट ठरणार कसा. बाकीची दोन दारं नुसती दाखवण्यापुरती. मुंगीच्या मनात आलं की बाबांना घेऊन आपण त्यात जायचं. बाबा तिन्ही घरं बघतील, त्यांचं मत विचारलं जाईल, तेही टीव्हीवर, आणि मग सगळ्यांनी मिळून तिसरं, म्हणजे घेतलेलंच, घर निवडल्यासारखं होईल. “त्यांचा मानही राहील,” ती म्हणाली.

जन्मभर फरशीखाली काय आहे ते ओळखणारा माणूस, त्याच्या पायाखाली आम्ही हे असलं काहीतरी भरणार होतो. पण मुलीचा आवाज इतका रडवेला झाला होता की मी मूग गिळून गप्प बसले. ती चूक माझी.

टीव्हीवर जायचं म्हटल्यावर ह्यांच्यात एकदम जीव आला. आठ दिवस आधी शर्ट ठरला. केस कापून आले. काठीचं टोपण घासून लख्ख केलं. “बघ तू,” मला म्हणाले, “तीन घरांत एक तरी चांगलं निघेलच. निघालं की मुंगीला सांगतो, हे घे. आता फार ताणायला नको, पोरीला जागा सोडायचीय.” हे ऐकून मला मशीनवर सरळ शिवण घालता येईना. दोनदा उसवली.

चित्रीकरणाच्या दिवशी पहिल्या घरात आम्ही चार वेळा आत गेलो. प्रत्येक वेळी मुंगीनं स्वयंपाकघर पाहून हरखायचं होतं. चौथ्या वेळेपर्यंत तिचं हरखणं दातदुखीसारखं दिसायला लागलं. कोटवाल्या बाईनं पडदा पाच वेळा सारला. टीव्हीवर जे सात मिनिटांत होतं त्याला दोन तास लागले, आणि मधल्या वेळात सगळे नुसते भिंतीला टेकून उभे. ह्यांनी काठी वाजवली की कुणीतरी ओरडायचं, “काका, आवाज नको.” फक्त जावयांचा तो आवाजवाला सोबती कानांवरचे हेडफोन दाबून हसायचा.

दुसरं घर पाहून मात्र हे खूश झाले. गोटी सरळ जाळीवर गेली. सांधे एका दोरीत होते. “ज्यानं हे केलंय ना,” हे जावयांना म्हणाले, “त्याला मी चहा पाजीन.” मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तिसऱ्या घराचं दार उघडलं आणि मला पहिल्यांदा माझ्या लेकीचं घर दिसलं. समोरच मोठी खिडकी, खाली शाळेचं मैदान. मुंगीला हरखून दाखवावं लागलं नाही. हे मात्र थेट आत गेले. बाथरूममधून ठक ठक आवाज आला, मग बद्द, बद्द, परत बद्द. मग गोटी टाकल्याचा आवाज आला आणि तो जाळीकडे न जाता दूर कोपऱ्यात गेला. कॅमेरा ह्यांच्या मागे उभा होता. हे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मुंगे, हे घर घेऊ नकोस. दुसरं घे. मी सांगतो, दुसरं घे.”

“थांबवा जरा,” कोटवाली बाई म्हणाली. वाईट बाई नव्हती ती, दमलेली होती. “काका, आता असं बोलून कसं चालेल? घर तर त्यांनी गेल्या महिन्यातच घेतलंय. तुम्ही फक्त छान आहे एवढं म्हणा.”

ह्यांनी मुंगीकडे पाहिलं, मग जावयांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ पाहिलं. मग ह्यांनी मान खाली घातली आणि कोपऱ्यातल्या गोटीकडे बघत राहिले. ती उचलायला हवी होती आणि ह्यांना वाकता येत नव्हतं.

मुंगी पुढे झाली, गुडघे टेकून कोपऱ्यात शिरली आणि गोटी काढली. तिथंच बसून रडायला लागली. “बाबा, तुम्ही प्रत्येक घराला नाही म्हणायचात. आम्ही काय करायचं होतं? रस्त्यावर राहायचं होतं का?”

“नाही,” हे म्हणाले. “चुकलंच माझं. मला वाटायचं एक रविवार अजून, एक रविवार अजून. पण मुंगे, निवडायला नव्हतं बोलवायचं तर नव्हतं. फरशी वाजवायला तरी बोलवायचं.”

ह्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी ऑपरेशनच्या दिवशीही ऐकला नव्हता. मला वाटलं, आता हे काठी टेकत खाली जाणार आणि मुलीच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत. तेवढ्यात तो आवाजवाला आत आला. “मिस्त्री,” तो म्हणाला, “ती दारापाशीची परत वाजवा ना.” ह्यांनी नाइलाजानं वाजवली. “आता पलीकडची.” तीही वाजवली. त्यानं हेडफोन काढून ह्यांच्या कानांवर चढवले आणि मायक्रोफोन खाली धरला. “ऐका. मला मघापासून ऐकू येतंय, पण हे काय आहे ते कळत नव्हतं.”

हे हेडफोन लावून उभे राहिले आणि एकेक फरशी वाजवत गेले. ह्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू बदलल्या. रागाच्या होत्या, त्या कामाच्या झाल्या. “खडू आहे का कुणाकडे?” हे म्हणाले. खडू नव्हता, कोटवाल्या बाईनं लिपस्टिक दिली. मुंगी बसल्या बसल्या सरकत फुल्या मारत गेली. अकरा फरश्या बद्द निघाल्या.

“राहायला कधी यायचंय?” ह्यांनी जावयांना विचारलं.

“बारा दिवसांनी.”

“पुरेत.” मग हे कॅमेऱ्याकडे वळले आणि एका दमात म्हणाले, “घर चांगलं आहे. उजेड आहे. माझ्या मुलीला आवडलंय.” कोटवाली बाई म्हणाली, हे दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही.

बाथरूमची फरशी जावयांनी बसवली. हे दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि जावई आत गुडघ्यांवर. जावयांनी उभ्या जन्मात थापी धरली नव्हती. “बसगाड्या वेळेवर सोडता ना, मग ही फरशी का तिरकी जातेय तुमची?” असं ओरडणं चार दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पूर्ण झालेला उतार ह्यांनी पुन्हा काढायला लावला. जावयांनी मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “आई, हे कामावर असेच होते का?” मी म्हटलं, “आज तर सौम्य आहेत.” चौथ्या दिवशी गोटी जाळीवर जाऊन थांबली, तेव्हा जावयांनी तिचा फोटो काढला.

तो भाग दोन महिन्यांनी लागला. त्या दिवशी मुंगीनं रजा काढली आणि आम्ही सगळे तिच्याकडे जमलो. अकराला पाच मिनिटं असताना हे म्हणाले, “लाव पैज. दुसरं.”

“अहो, आपण तिसऱ्यात बसलोय,” मी म्हटलं.

“बसलोय. तरी दुसरं. काम त्याचंच चांगलं होतं.”

मुंगी हसली, पण तिला काही स्वस्थ बसवत नव्हतं. सारखी उठायची, स्वयंपाकघरात जायची, परत यायची. टीव्हीवर तिचं पहिल्या घरात हरखणं चाललं होतं. जाहिराती झाल्या, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगून झालं. दुसऱ्या घराचं दार उघडत होतं तेवढ्यात ती ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“बाबा, मी ओट्याजवळची सगळी फरशी वाजवून बघितली. तुमची काठी घेऊन, मघाशी तुम्ही जिन्यात बोलत होतात तेव्हा. दोन बद्द आहेत, त्यांवर खूण केलीय. तिसरीचं मला कळत नाहीये. म्हणजे खरंच कळत नाहीये. सांगाल?”

हे उठले. “टीव्ही बंद करा,” म्हणाले. जावयांनी बंद केला. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. ह्यांनी खुणेच्या दोन वाजवल्या आणि मान हलवली. मग तिसरी. एकदा मधोमध, मग चारी कोपऱ्यांवर, मग पुन्हा मधोमध. डोळे मिटून ऐकत राहिले. मग काठी मुंगीच्या हातात दिली आणि तिला वाजवायला लावलं, आणि पुन्हा ऐकलं.

“टणक आहे,” हे म्हणाले. “खालच्या नळामुळे तसा आवाज येतो. पण बरं केलंस विचारलंस.”

मुंगीनं काठी परत दिली नाही. चहा तिनंच केला, आणि टीव्ही पुन्हा लावायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.